काळोख्यांचा प्रॉम्प्टर

मालिका तुम्ही पाहिली असेल, तर शेवटी नावांची जी पाटी भराभर वर सरकते तीत तिसऱ्या ओळीला ‘मूळ नाटक : शामकांत निसळ’ असं लिहिलेलं आहे. बहुतेकांनी तोवर पुढचा भाग लावलेला असतो. ते नाव तिथे आलं म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका. ते यायला सत्तावीस वर्षं लागली आणि त्यातली शेवटची तेरा माझ्यामुळे गेली. या माणसाविषयी लिहायचा अधिकार मला कितपत आहे, देव जाणे. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

शामकाका भिंगारचे. म्हणजे नगरचेच, पण भिंगारच्या माणसाला नगरचा म्हटलेलं चालत नाही. तो कायम ‘नगरला जाऊन येतो’ असंच म्हणणार. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, तरी काका अजून नगरलाच जाऊन येतात. लष्कराच्या एका डेपोत ते चौतीस वर्षं कारकून होते. सकाळी सातला सायकल, पँटीच्या पायाला क्लिप, दांडीला डब्याची पिशवी. बढत्या मिळाल्या त्या वयानं मिळाल्या. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणभर त्यांना ‘श्रीकांत’ म्हटलं. काकांनी दुरुस्त केलं नाही. घरी आल्यावर दमयंतीकाकू भडकल्या, तेव्हा म्हणाले, “नाव चुकलं, पण बोलले चांगलं.”

माझे वडील, सुहास धर्माधिकारी, याच्या बरोबर उलटे. त्यांचं नगरला टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा त्यांची हौशी नाटकमंडळी जास्त चालायची. बाबा दिग्दर्शक, बाबाच नायक, पोस्टरवर बाबांचाच फोटो. बाबा आणि शामकाका पहिलीपासून एका वर्गात. दमयंतीकाकू कपडेपट सांभाळायच्या, गहिनीनाथ नावाचा टेम्पोवाला सामान आणायचा आणि दिवे आणि पडदाही तोच बघायचा. शामकाका प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून विसरलेला शब्द पुरवायचा, एवढंच काम. पण ते काम त्यांच्यासारखं करणारा माणूस मी नंतर कुठेच पाहिला नाही. त्यांच्या मांडीवर संहिता उघडी असायची, डोळे मात्र नटाच्या गळ्यावर. माणूस अडखळणार असेल तर आधी आवंढा गिळतो, तो दिसला की शब्द सोडायचा, असं त्यांचं शास्त्र होतं. पहिल्या रांगेला ऐकू जायचं नाही आणि नटाला वाटायचं, आपल्यालाच आठवलं.

‘काळोख्यांच्या घरी चहा’ हे नाटक त्यांनी शहाण्णव साली लिहिलं. डेपोतल्या रद्दी फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात. कॅन्टोन्मेंटमधल्या एका बंद बंगल्यात काळोखे नावाचं कुटुंब राहायला येतं. तिमिरराव, यामिनीबाई, त्यांची मुलगी निशा, चार वाजता चहाला येणारी आणि साखर कमी म्हणून कुरकुर करणारी मेलेली आत्या, आणि बंगल्यासोबत मिळालेलं एका मेजरचं भूत, जे अजून बेचाळीस सालचं रेशन मागतं. लग्नाच्या वाढदिवसाला हे लोक डबा घेऊन अमरधामच्या स्मशानात सहलीला जातात. शेजारीण यामिनीबाईंना विचारते, “साडी कशी आहे माझी?” तर त्या मनापासून म्हणतात, “शेवटच्या प्रवासाला अगदी शोभेल.” निशानं शाळेत ‘माझा आवडता सण’ या निबंधात सर्वपित्री अमावास्या लिहिलेली असते. निशा मी केली होती. मी तेरा वर्षांची होते, आणि त्या निबंधाला सभागृह जे हसलं ते मला अजून आठवतं. खरं तर त्या हशामुळेच मी पुढे लेखनाच्या धंद्यात आले. म्हणजे माझी पोळीही त्यांच्याच तव्यावर भाजलेली.

आता नावाचं. स्पर्धेत नाटक न्यायचं तर आधी सेन्सॉरचा शिक्का लागतो, आणि त्या अर्जावर लेखकाचं नाव. अर्ज बाबांच्याच दुकानात टाइप होत होता. लेखकाची जागा शेवटपर्यंत मोकळी होती, कारण डेपोतल्या हेडक्लार्कनं काकांच्या मनात भरवलं होतं की नोकरीतल्या माणसानं लष्कराच्या मेजरचं भूत करून लोकांना हसवलं तर चौकशी लागेल. चौकशी लागली असती का, कोणी विचारायला गेलं नाही. विचारायचं म्हणजे साहेबांसमोर उभं राहायचं. काका म्हणाले, “सुहास, सध्या तुझं घाल. मी रिटायर झालो की बदलू.” बाबांनी दोनदा ‘नको रे’ म्हटलं आणि तिसऱ्यांदा टाइप केलं. मी कोपऱ्यात कार्बन लावत बसले होते, मला कोणी मोजलं नाही. जगात दुसरीकडे लोक दुसऱ्याचं लेखन चोरतात. आमच्याकडे लेखकानं स्वतःच ते मित्राच्या गळ्यात घातलं, तेही बदली रजेच्या अर्जासारखं.

सत्त्याण्णवच्या स्पर्धेत नगर केंद्रावर लेखनाचं पहिलं बक्षीस काळोख्यांना मिळालं. बाबा वर गेले, ढाल घेतली. खाली काका टाळ्या वाजवत होते, आणि खोट्या नव्हत्या. त्या वेळी दोघांनाही गंमत वाटत होती. मंडळीतल्या चारपाच जणांना खरं माहीत होतं आणि कोणालाच त्यात काही वाईट दिसत नव्हतं. पण गावात बाबा ‘काळोखेवाले लेखक’ झाले. सत्काराला बोलावणी यायला लागली, शाळांमधून भाषणं झाली. गंमत हळूहळू बाबांच्या अंगावर सदऱ्यासारखी बसली. त्यांनी दुसरं नाटक कधी लिहिलं नाही. काकांनीही लिहिलं नाही, आणि ते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दोन हजार अकराच्या नोव्हेंबरात बाबा गेले. जायच्या आधी चार दिवस दवाखान्यात मी एकटी होते तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितलं, “प्रणिता, काळोखे शामचे आहेत. तुला माहीत आहे. त्याला सांग, मी विसरलो नव्हतो. लाज वाटायची म्हणून बोललो नाही. त्याचं नाव लाव.” मी “हो बाबा” म्हटलं. ते म्हणाले, “लगेच सांग.” मी पुन्हा हो म्हटलं.

सातव्या दिवशी शोकसभा झाली. टेबलावर बाबांचा फोटो आणि फोटोशेजारी ती ढाल. एकामागून एक लोक उठून काळोख्यांबद्दल बोलले. आई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. शामकाका शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. माझी पाळी आली. वाक्य तोंडात तयार होतं. मी आईकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाबांनी काळोखे लिहिले तेव्हा मी कार्बन लावत होते.” लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सभा संपल्यावर मी शेवटच्या रांगेकडे बघितलं तर काका निघून गेले होते. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

मी स्वतःची समजूत घातली, आई आहे तोवर नको. आई एकोणीस साली गेली. मग म्हटलं, आता काय बोलायचं, जुनी गोष्ट. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला दोन दिवसांची लाज लागते, आणि माझी तर वर्षं साचली होती. निरोप काही जड नव्हता, भिंगार पुण्यापासून तीन तासांवर आहे आणि फोन खिशात होता. काही केल्या बोट त्या नंबरावर जायचं नाही.

गेल्या वर्षी एका कंपनीला किशोरवयीन मुलांसाठी रहस्यमालिका हवी होती. अनिमेष नावाचा तिथला मुख्य, वय एकोणतीस, मला म्हणाला, “मॅम, मुलांना भुतं पाहिजेत पण हसरी. आपल्या मातीतलं काही आहे?” माझ्या तोंडून काळोखे निघाले. मी ते काढले नाहीत हो, निघाले. पाच मिनिटांत त्याला तिमिरराव, यामिनी, आत्या, मेजर सगळे आवडले. निशा सोळा वर्षांची करायची, डोंगरावरच्या निवासी शाळेत घालायची, तिथे एक मुलगी नाहीशी होते, आठ भागांत निशा छडा लावते. घरचे लोक अधूनमधून तिला भेटायला येऊन गोंधळ घालतात. कागदपत्रं मागितली तेव्हा मी सेन्सॉरच्या शिक्क्याची प्रत दिली आणि एका प्रतिज्ञापत्रावर सही केली. ‘सदर नाटकाचे एकमेव लेखक माझे वडील असल्याचे मला व्यक्तिशः माहीत आहे.’ ‘व्यक्तिशः’ या शब्दावर माझं पेन क्षणभर थांबलं होतं. मग सही करून मी पेनला टोपणही लावलं.

दुसऱ्या भागाच्या पुढे मात्र गाडी अडली. अनिमेषचं म्हणणं, रहस्य आहे तर घरात गुपित पाहिजे. तिसऱ्या भागाच्या शेवटी संशय आईवर गेला पाहिजे. मी यामिनीबाईंना खोटं बोलायला लावलं आणि सगळं मेलं. त्या बाई खोटं बोलायला लागल्या की त्या काळोखे राहतच नाहीत, नुसत्या काळी साडी नेसलेल्या कोणीतरी होतात. बारा मसुदे केले. शेवटी जे करू नये तेच केलं. पेढ्यांचा डबा घेतला आणि भिंगारला गेले, लेखकाकडून त्याचंच नाटक दुरुस्त करून घ्यायला.

दार काकूंनी उघडलं. तेरा वर्षांत एकदाही न आलेल्या मुलीला त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, “वाळलीस ग. ये.” काका सत्तरीचे झाले होते. मी सांगितलं, काळोख्यांवर मालिका करतेय, अडलेय, तुम्ही सगळे प्रयोग पाहिलेत म्हणून आले. हे वाक्य मी वाटेत घोकलं होतं. ‘पाहिलेत.’ काका माझ्या गळ्याकडे बघत होते. मी पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावून ठेवला.

त्यांनी मसुदा वाचायला घेतला. दोन तास खोलीत पानांचा आवाज. मधे एकदा हसले, बहुधा मेजरच्या जागी. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “यामिनी का लपवते?”

“रहस्य पाहिजे ना काका. कोणीतरी लपवल्याशिवाय कसं व्हायचं?”

“बाहेरच्यांना लपवू दे की. काळोख्यांच्या घरात कोणी काही लपवत नाही, त्याच्यावरच तर लोक हसतात. मेलेली आत्यासुद्धा तोंडावर सांगते, साखर कमी आहे.” त्यांनी दोन पानं मागे उलटली. “आणि पोरगी छडा लावते ती कशाच्या जोरावर?”

“हुशार आहे ती.”

“हुशार सगळ्याच असतात. ही अशा घरात वाढली, जिथं सगळं उघडं. त्यामुळे झाकलेलं तिला लगेच खटकतं. दुसऱ्या मुलींना सवय असते, हिला नाही. बघ, वॉर्डन रोज मुलींना खाऊ वाटते. सगळ्या म्हणतात, काय प्रेमळ बाई. निशा म्हणेल, आमच्याकडे भुतंसुद्धा रिकाम्या हातानं येतात, मग ही रोज काय म्हणून आणते?”

पेढ्यांचा डबा टेबलावर आमच्या मधोमध होता. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, ते तंद्रीत होते. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. उठले नाही. वही काढली आणि उतरवून घेतलं.

मालिका तिथे सुटली. अनिमेष म्हणाला, “मॅम, जीनियस.” मी थँक यू म्हटलं. मग दर गुरुवारी दुपारी काकांना फोन करायचा परिपाठ पडला. मी प्रसंग वाचायचे, ते ऐकायचे. अडलं की दोन शब्द सोडायचे, आणि फोन ठेवला की मला वाटायचं, आपल्यालाच सुचलं. काकूंनी एकदा फोन घेऊन सांगितलं, “बुधवारपासूनच यांचं सुरू होतं, उद्या तिचा फोन. दाढी करून बसतात ग, फोनला.” हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

या सगळ्या महिन्यांत काका एकदाही बाबांचं नाव घेत नव्हते. म्हणायचे ‘तेव्हा’, ‘आपल्या मंडळीत’, फार तर ‘तुझे वडील’. पहिलीपासूनचा मित्र, ज्याला ते गावभर ‘ए सुहाश्या’ म्हणून हाक मारायचे. मी गृहीत धरलं की माणूस गेल्याचं दुःख असेल. सोयीचं ते गृहीत धरायला मी नेहमीच पटाईत.

ऑक्टोबरात अनिमेषचा निरोप आला. नावं पक्की करायची आहेत आणि मूळ लेखकाचा फोटो आणि दहा ओळी पाहिजेत, वर्तमानपत्रांना द्यायला. ‘तुमच्या बाबांबद्दल छान इमोशनल लिहा.’ मी लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. ‘सुहास धर्माधिकारी यांनी हे नाटक रद्दी फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं.’ वाचलं आणि मला स्वतःची किळस आली. नाव घेतलं होतं ते घेतलंच, आता त्या माणसाचे कागदसुद्धा मी उचलत होते.

फोटो आणायच्या निमित्तानं नगरला गेले. माळीवाड्याच्या स्टँडवर गहिनीनाथ भेटला. आता त्याचा मंडपाचा धंदा आहे, केस पांढरे झालेत, पण मला त्यानं लांबून ओळखलं. मालिकेचं त्याच्या कानावर आलं होतं.

“लई भारी काम केलं ताई,” तो म्हणाला. “काकांचं नाव लावलं न्हवं?”

मी म्हटलं, “बघू, कंपनीचं काय ते.”

“कंपनीला काय ठाव असनार? तुमाला ठाव हाय.” तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. “म्या पडदा ओढत हुतो ताई. इंगेत बसून काका पुस्तक न उघडता सांगायचे, कानामात्रा न चुकता. ज्यानं लिवलं त्यालाच येतंय तसं. दादाबी म्हनायचे मला, गहिन्या, एक दिवस स्टेजवर उभं करीन शामला. ऱ्हाऊन गेलं त्यांचं.”

म्हणजे बाबा गहिनीनाथजवळही बोलले होते. मी स्टँडवरच्या बाकावर बसले आणि अनिमेषला फोन लावला. सगळं सांगितलं, प्रतिज्ञापत्रासकट. तो म्हणाला, “मॅम, तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं, “व्यक्तिशः.” त्यांच्या वकिलांनी मला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही, सगळं रास्त होतं. आठ दिवसांत नवा कागद तयार झाला. शामकांत निसळ यांनी सही केली की नाव लागणार.

तो कागद घेऊन दुपारी चारला मी भिंगारला पोचले. या खेपेला हात रिकामे होते. गुरुवार नव्हता, त्यामुळे काकांची दाढी वाढलेली होती आणि मला बघून ते थोडे ओशाळले. काकूंनी चहा टाकला. मी कागद टेबलावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. नाटक तुमचं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, मी त्या दिवशी दुकानात होते, आणि तरीही बाबांच्या नावानं सही करून आले होते. आता ती रद्द केली, इथं तुमची सही पाहिजे.

काका कागदाकडे बघत राहिले. “मला वाटलं होतं, तुला ठाऊक नसेल,” ते म्हणाले. “लहान होतीस. म्हटलं, पोरीला काय सांगायचं, बाप मोठा वाटतोय तर वाटू दे.”

मला वाटलं, संपलं. पण खरं काम राहिलंच होतं. कागदाआड ते पुन्हा लपवता आलं असतं, मनात आलंही तसं. काकू कप घेऊन आल्या, त्यांनी ते टेबलावर ठेवले, आणि मी म्हणाले, “काका, बाबांनी निरोप दिला होता तुमच्यासाठी.”

“कोणी?”

“बाबांनी. दवाखान्यात. जायच्या आधी चार दिवस.”

ते खुर्चीत पुढे सरकले. “काय म्हणाला? जसंच्या तसं सांग.”

मी सांगितलं. काळोखे शामचे आहेत. मी विसरलो नव्हतो. लाज वाटायची म्हणून बोललो नाही. त्याचं नाव लाव. शब्द मला पाठ होते, तेरा वर्षांत एकही हलला नव्हता. मी बोलत होते तसे काकांचे ओठ मागोमाग हलत होते.

“दमे,” त्यांनी शेजारीच उभ्या असलेल्या काकूंना हाक मारली, “ऐकलंस? सुहास म्हणाला होता. विसरला नव्हता तो.” त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी शिव्या खायची तयारी करून आले होते. ते माझ्यावर रागवायचंच विसरले होते, आणि ‘सुहास, सुहास’ असं दोन-तीनदा म्हणाले, बऱ्याच दिवसांनी जमतंय का पाहिल्यासारखं.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं.

“चार दिवस आधी म्हणजे शोकसभेच्याही आधी.”

“हो.”

“म्हणजे तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा तुझ्याजवळ होतं हे.”

“हो काका.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आईचं, ढालीचं, लोकांचं काहीबाही सांगितलं असतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, “मी शेवटच्या रांगेत वाट बघत होतो. वाटलं, घरी बोलला असेल, आता ही सांगेल. तू खाली बसलीस तेव्हा कळलं, सांगितलंच नाही त्यानं. न सांगता गेला. मला नाव नको होतं ग. पण त्याच्या एका शब्दाला मी महाग झालो, असं वाटलं.” त्यांनी कपाला हात लावला आणि पुन्हा मागे घेतला. “तेव्हापासून अबोला धरलाय मी त्याच्याशी. मेलेल्या माणसाशी. काळोख्यांनीसुद्धा असं कधी केलं नसतं.”

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शाप असता तर मी तो आनंदानं घेतला असता.

“दहाव्याला मी आलो नाही,” काका म्हणाले. “तुम्हाला वाटलं असेल, बरं नसेल. बरा होतो. टोपी घालून याच खुर्चीत बसलो होतो. गहिनीनाथ खाली टेम्पो घेऊन थांबला होता. त्याला म्हटलं, तू जा.” मग त्यांनी मला विचारलं, “कावळा शिवला होता का लगेच?”

तेरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “अडीच तास थांबलो. सगळ्यांनी एकेक करून पिंडापुढं हात जोडून सांगून बघितलं, तुमची ही इच्छा पुरी करू, ती पुरी करू. कावळे समोर झाडावर बसून होते, खाली येईनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला.”

“तू काय सांगितलंस?”

“आईला सांभाळीन, म्हटलं.”